शाळेची घंटा आणि मुक्कामी एस. टी.

भोर आगारातून सायंकाळी निघालेली एस. टी. खोऱ्याच्या टोकाच्या गावात पोहोचते आणि रात्री तिथेच थांबते. चालक-वाहक देवळात, ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा गाडीतच पथारी पसरतात आणि पहाटे तीच गाडी माघारी फिरते. 'मुक्कामी गाडी' हे तिचे सर्वपरिचित नाव. ती सुटते तेव्हा पावसाळ्यात धड उजाडलेलेही नसते. गाडीत दुधाचे कॅन असतात, पुण्याच्या वाटेवरचे चाकरमानी असतात, तहसील कचेरीत काम असलेला एखादा शेतकरी असतो आणि या सगळ्यांहून संख्येने अधिक अशी गणवेशातील मुले-मुली असतात. त्यांची शाळा भरायला अजून काही तास असतात. तथापि, शाळेच्या वेळेला नेमकी पोहोचणारी दुसरी गाडी नसेल तर याच गाडीने निघावे लागते आणि घंटा होईपर्यंत भोरच्या स्थानकावर, शाळेच्या व्हरांड्यात किंवा एखाद्या मैत्रिणीच्या घरी वेळ काढावा लागतो.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील दोन डोंगरी तालुके. शहरी वाचकाला त्यांची ओळख आहे ती राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांमुळे, नाही तर चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी गाजलेल्या भोरच्या राजवाड्यामुळे. या भागातील माध्यमिक शिक्षणाची चर्चा मात्र दहावीच्या निकालाच्या दिवशी होते आणि दुसऱ्या दिवशी संपते. निकालाची टक्केवारी चांगली असते. राज्याचा दहावीचा निकाल २०२५ मध्ये ९४.१० टक्के लागला. म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी बहुतेक उत्तीर्ण होतात. डोंगरी तालुक्यातील खरा प्रश्न त्याआधीचा आहे. मूल परीक्षेच्या बाकापर्यंत पोहोचते की नाही, हे पुष्कळदा त्याच्या बुद्धीवर किंवा शिक्षकांच्या कष्टांवर ठरत नाही. ते घर आणि शाळा यांमधल्या अंतरावर ठरते.

संस्थानच्या राजधानीतील शाळा

या अंतराला इतिहास आहे. पंतसचिवांचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे संस्थानचे पाच तालुके होते. त्यांतील विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. आजच्या वेल्हे तालुक्याचा मुलूख त्या वेळी राजगड आणि प्रचंडगड या नावांखाली नांदत होता. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास मान्यता दिली, तेव्हा अनेकांना ते नवे नामकरण वाटले. वस्तुतः संस्थानच्या दप्तरात ते नाव आधीपासूनच होते.

संस्थानात कचेरी, न्यायालय आणि बाजारपेठ भोरला होती. इंग्रजी शिक्षणाची सोयही प्रामुख्याने तिथेच होती. खोऱ्यातील एखाद्या मुलाला पुढे शिकायचे तर त्याने भोरला येऊन राहायचे, हाच शिरस्ता होता. नातेवाइकाकडे राहणे, भाड्याच्या खोलीत तिघा-चौघांनी मिळून हाताने स्वयंपाक करणे किंवा वार लावून जेवणे अशा मार्गांनी त्या काळातील ग्रामीण मुलांची शिक्षणे झाली. १९२२ मध्ये गादीवर आलेले राजे रघुनाथराव यांचे नाव आजही भोरच्या विद्यार्थ्याच्या वहीवर असते. भोर एज्युकेशन सोसायटीचे राजा रघुनाथराव विद्यालय हे शहरातील नावाजलेले विद्यालय. नगरपरिषदेच्या या गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेअठरा हजारांच्या आत आहे. एवढ्या गावाच्या शाळांवर भोवतालच्या कित्येक वाड्यावस्त्यांचा भार असतो.

इथे एक बाब स्पष्ट करायला हवी. महाराष्ट्रात प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषदा आणि नगरपालिका चालवतात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासून ही व्यवस्था आहे. माध्यमिक शिक्षण मात्र मोठ्या प्रमाणावर खासगी संस्थांच्या अनुदानित शाळांतून दिले जाते. इमारत संस्थेची, शिक्षकांचे वेतन शासनाचे आणि परीक्षा राज्य मंडळाची, अशी ही तीन हातांची रचना आहे. 'सरकारी शाळा' आणि 'खासगी शाळा' ही शहरात रूढ असलेली विभागणी भोर-वेल्ह्यात लागू पडत नाही. इथली खासगी संस्थेची अनुदानित शाळा हीच सर्वसामान्यांची शाळा होय. तिथे शेतमजुराची मुलगी आणि दुकानदाराचा मुलगा एकाच बाकावर बसतात. निदान कालपर्यंत तरी बसत होते.

नकाशावरचे अंतर आणि पायाखालचे अंतर

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याअन्वये राज्याने केलेल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. माध्यमिक शाळेसाठी केंद्राच्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने पाच किलोमीटरचा निकष धरला होता. सपाटीच्या मुलखात हे आकडे समाधानकारक वाटतात. भोर-वेल्ह्यात पाच किलोमीटर या शब्दांना स्वतंत्र अर्थ नाही. हे अंतर कोणत्या दिशेने, कोणत्या ऋतूत आणि मधे पाणी आहे की नाही, हे आधी विचारावे लागते.

मधले पाणी ही या भागाची खास अडचण आहे. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर ब्रिटिश काळातील भाटघर धरण आहे आणि नीरा नदीवर नीरा-देवघर धरण आहे. वेल्ह्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी ही धरणे आहेत. भाटघर आणि नीरा-देवघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखाला जाते, तर पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यात उतरून पुणेकरांच्या नळाला येते. या जलाशयांनी खोरी भरली, तेव्हा खोऱ्यातल्या जुन्या पायवाटाही पाण्याखाली गेल्या. समोरच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसते, तिथल्या देवळाची घंटाही ऐकू येते, परंतु तिथे जायचे तर जलाशयाला वळसा घालावा लागतो. ज्या पाण्यावर पुणे शहर वाढले, त्याच पाण्याने मावळातल्या मुलांचा शाळेचा रस्ता लांबवला आहे. या बाजूने धरणांचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही.

पश्चिमेकडे चढत जावे तसा रस्ता अवघड होत जातो. हिर्डोशी खोऱ्यातून महाडकडे उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात वरचेवर वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो. वेल्ह्याकडे पासली, केळद या मढे घाटाच्या दिशेच्या गावांत पावसाचा जोर असा असतो की, जून ते सप्टेंबर हे स्वतंत्र शैक्षणिक सत्रच मानावे. रायरेश्वराच्या पठारावर वस्ती आहे आणि तिथे चढण्याचा अखेरचा टप्पा लोखंडी शिडीचा आहे. सायकलवाटपाच्या योजना शासनाने काढल्या, त्या चांगल्याच आहेत. परंतु या मुलखात सायकल एका दिशेलाच उपयोगी पडते, परतीच्या चढावर ती हाताने ढकलत आणावी लागते.

वेळापत्रक कोण ठरवते?

साहजिकच सारी भिस्त एस. टी.वर असते. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. म्हणजे तिकिटाच्या एक-तृतीयांश रकमेत प्रवास होतो. मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास पूर्णपणे मोफत आहे. नव्वदच्या दशकात पाचवी ते दहावीच्या मुलींसाठी सुरू झालेली ही सवलत पुढे बारावीपर्यंत वाढवण्यात आली. ग्रामीण भागातील मुलींच्या शिक्षणावर ज्या निर्णयांचा खोल परिणाम झाला, त्यांत या साध्या पासाचा क्रम वरचा लागावा. मुलीला तालुक्याला पाठवायला नकार देणाऱ्या बापाकडे 'भाड्याला पैसे नाहीत' हे कारण उरले नाही. पूर्वी पासासाठी आगारात रांग लावावी लागे. जून २०२४ पासून महामंडळाने पास थेट शाळेत देण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा बुडणारे तासही वाचू लागले.

पास आहे, प्रश्न गाडीचा आहे. एस. टी.च्या फेऱ्या आगार ठरवते. फेरी चालू ठेवायची की नाही, हे पाहताना उत्पन्न आणि भारमान म्हणजे आसनांच्या तुलनेत प्रवासी किती, हे निकष लागतात. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला प्रतिपूर्ती म्हणून देते, परंतु ज्या फेरीत पासधारक विद्यार्थीच अधिक, तिथे वाहकाच्या हाती रोख रक्कम थोडीच जमा होते. चालकांची कमतरता, जुन्या गाड्या, यात्रा-जत्रांच्या जादा फेऱ्या यांतून कुठे तरी काटछाट करायची वेळ आली की आडवळणाच्या फेऱ्यांवर प्रथम नजर जाते. मग मुख्याध्यापक आगार व्यवस्थापकांना पत्र लिहितात, सरपंच निवेदन देतात, क्वचित विद्यार्थी गाडी अडवतात. काही दिवस फेरी पूर्ववत होते. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या कामांच्या यादीत हा पत्रव्यवहार कुठेही लिहिलेला नसतो, परंतु डोंगरी भागात तो त्याच्या पदाचा अविभाज्य भाग होऊन बसला आहे.

शनिवारी तर गणित आणखी बिघडते. शनिवारची शाळा सकाळची असते. एरवी वेळेआधी काही तास पोहोचवणारी मुक्कामी गाडी त्या दिवशी पहिल्या तासाला उशिरा ठरते, आणि दुपारी शाळा सुटल्यावर परतीची फेरी सायंकाळपर्यंत नसते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून आणि केवळ चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. पाचवीच्या पुढची मुले त्यात नाहीत. साहजिकच अनेक पालक शनिवारी मुलांना घरी ठेवणेच पसंत करतात. राज्य मंडळाच्या नियमानुसार दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. वर्षाचे सगळे शनिवार, भातलावणीचे आठ-दहा दिवस आणि दरड कोसळून रस्ता बंद राहिलेले दिवस एकत्र केले तर उरलेल्या दिवसांत आजारी पडण्याची मुभा राहत नाही.

एस. टी. नसली की काय होते, याचा अनुभव २०२१ मध्ये आला. करोनामुळे दीर्घकाळ बंद असलेल्या शाळा त्या वर्षी टप्प्याटप्प्याने उघडल्या. ग्रामीण भागात आठवीपासूनचे वर्ग जुलैपासून करोनामुक्त गावांत भरू लागले आणि पाचवीपासूनचे सर्व वर्ग ४ ऑक्टोबर रोजी सुरू झाले. मोबाइलच्या पडद्यावर, तोही टेकडीवर चढून 'रेंज' मिळाली तर, शिकलेली मुले वर्गात परतली. महिनाभरातच एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या व त्यांची हलाखी हा वेगळा विषय आहे. परंतु खोऱ्यातील मुलांच्या दृष्टीने शाळा उघडली आणि रस्ता बंद झाला. ज्यांना परवडले ते वडापच्या जीपने गेले, काहींनी भोरला नातेवाइकांकडे मुक्काम हलवला आणि काही जण घरीच राहिले. मुलीला दाटीवाटीच्या जीपने पाठवण्याची अनेक घरांची तयारी नव्हती, आणि मोफत पास जीपमध्ये चालत नाही. संपाच्या काळात पुण्याच्या 'पीएमपी'ने आसपासच्या ग्रामीण मार्गांवर गाड्या सोडल्या. २०२२ च्या अखेरीस त्यांतील काही मार्ग बंदही करण्यात आले.

आठवीनंतरचा कडा

शहरी पालकांच्या सहसा ध्यानात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत आहे. पोषण आहारही आठवीपर्यंतच मिळतो. मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, आणि शाळा दूर असल्यास मिळणारा वाहतूक भत्ताही त्याच टप्प्यापर्यंत. आठवीचे वर्ष संपले की या सोयी एकदम थांबतात. नेमक्या याच टप्प्यावर गावातली शाळा संपलेली असते आणि तालुक्याची शाळा सुरू होते. म्हणजे अंतर वाढते त्याच जूनमध्ये मदत आटते.

त्याचा परिणाम मधल्या सुटीत दिसतो. एकाच आवारातील आठवीच्या वर्गाला खिचडी मिळते. शेजारच्या नववीच्या वर्गातील, पहाटे घरून निघालेला मुलगा सकाळी बांधून आणलेली भाकरी खातो. काही शाळांत उरलेला आहार मोठ्या मुलांना वाढला जातो. तो हिशेबात बसत नाही, पण तो वाढणाऱ्याला दोष देणे कठीण आहे.

या कड्यावर अडकू नये म्हणून केंद्र सरकारची एक योजना २००८ पासून आहे. तिचे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती हे लांबलचक नाव कुणी उच्चारत नाही. शाळांत ती 'एनएमएमएस' म्हणूनच ओळखली जाते. आठवीत परीक्षा असते. तीत निवड झाल्यास नववी ते बारावी अशी चार वर्षे दरमहा एक हजार रुपये, म्हणजे वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतील असावा लागतो. खासगी विनाअनुदानित शाळांतील मुलांना ही परीक्षा देता येत नाही. या शिष्यवृत्तीतून मुलाचा एस. टी. पास, वह्या-पुस्तके आणि वेळ आली तर भोरमधील खोलीच्या भाड्यातील वाटा भागतो. म्हणूनच ग्रामीण शाळांतून आठवीच्या मुलांसाठी जादा तास घेण्याची धडपड चालते. पण जादा तास म्हटले की पुन्हा गाडी आडवी येते. सायंकाळी साडेपाचनंतर थांबू शकणारी मुले गावातलीच असतात. ज्यांना या शिष्यवृत्तीची अधिक गरज आहे, ती तोवर स्थानकावर पोहोचलेली असतात.

पटावरचे आकडे

शाळेच्या बाजूने पाहिले तर सारे काही 'पट' या शब्दाभोवती फिरते. पट म्हणजे नोंदलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. दरवर्षी पटावरून 'संच मान्यता' होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरते. पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. अलीकडे त्यासाठी विद्यार्थ्यांची आधार पडताळणीही लागते. नावात वेलांटीचा फरक असला, जन्मतारीख जुळली नाही तर वर्गात प्रत्यक्ष बसलेले मूल मान्यतेच्या हिशेबात अनुपस्थित ठरू शकते.

सहावी ते आठवीसाठी शाळेत शंभरहून अधिक मुले असतील तरच कला, क्रीडा आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद कायद्यात आहे. लहान शाळेत मग चित्रकला इतिहासाच्या शिक्षकाकडे आणि खेळ गणिताच्या शिक्षकाकडे जातात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या वरच्या वर्गांना शिक्षकच मिळणार नाहीत, अशी तक्रार करीत शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. डोंगरी तालुक्यांत वीस ही संख्या लहान नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार वेल्हे तालुक्याची एकूण लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती आणि त्यात शहर म्हणावे असे एकही गाव नव्हते. पुणे जिल्ह्यातील हा सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. कामासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची इथली रीत जुनी आहे. पूर्वी कर्ता पुरुष जाई आणि मुले गावाकडे शिकत. आता कुटुंबच कात्रज-धायरीकडे हलते आणि मुलांचे दाखले सोबत जातात.

भोर तालुक्याच्या पूर्वेकडे वेगळे चित्र आहे. नसरापूर, कापूरव्होळ, किकवी हा पट्टा पुणे-सातारा महामार्गालगतचा. तिथे इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बस गावोगाव फिरतात. ऐपत असलेला पालक मुलाला त्या बसमध्ये बसवतो. त्याचे कारण दरवेळी इंग्रजीच असते असे नाही. बस दारात येते, हेही असते. एस. टी. वेळेवर आली असती तर किती मुले अनुदानित शाळांत राहिली असती, हा हिशेब कधी मांडला गेलेला नाही.

याच वेल्हे तालुक्यात शासनाने अंतराच्या प्रश्नाला एक निराळे उत्तर शोधले. पानशेत येथे परिसरातील लहान शाळांमधील मुले एकत्र आणून 'समूह शाळा' सुरू करण्यात आली. मुलांना वाहनाने आणायचे, सुसज्ज इमारत, पुरेसे शिक्षक, खेळाचे साहित्य द्यायचे अशी ही कल्पना. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पानशेत यांचा दाखला देऊन राज्यभरातून असे प्रस्ताव मागवले. त्या वेळी वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची संख्या १४ हजार ७८३ आणि त्यांतील विद्यार्थ्यांची १ लाख ८५ हजार ४६७ अशी सांगण्यात आली होती. या प्रस्तावाला कडाडून विरोध झाला आणि शाळा बंद करण्याचा हेतू नसल्याचा खुलासा शासनाला करावा लागला.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. चार मुलांच्या शाळेत खो-खोचा संघ होत नाही, भांडायला आणि मैत्री करायला पुरेशी मुले नसतात. एकच शिक्षक चार इयत्ता आणि कागदपत्रे सांभाळतो. मोठ्या शाळेत मुले खुलतात, हे उघड आहे. परंतु समूह शाळेचा सगळा डोलारा वाहनावर उभा असतो. आज नववीतील मुलगा ज्या गाडीची वाट पाहतो, तिचीच वाट उद्या सहा वर्षांच्या मुलाने पाहावी काय, आणि वाहनाचा निधी आटला तर गावात परत उघडायला शाळा शिल्लक असेल काय, हे पालकांचे प्रश्न आहेत. ज्यांनी एस. टी.च्या फेऱ्या बंद होताना पाहिल्या आहेत, त्यांना हे प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

गॅदरिंग, सहल आणि गड

हे सगळे खरे असले तरी या शाळांतील विद्यार्थिजीवन केवळ हालअपेष्टांचे नाही. दिवस परिपाठाने सुरू होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, वृत्तपत्रातील ठळक बातम्या मोठ्याने वाचणे आणि फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत. खोऱ्यातून आलेली मुलगी प्रथम व्यासपीठावर उभी राहते ती या बातम्या वाचण्यासाठीच. भाषेतला मावळी हेल शहरातल्या मुलांना सुरुवातीला हसवतो; दिवाळीपर्यंत तो कुणाच्या कानाला खटकत नाही.

भोरच्या स्थानकावरचे ते रिकामे तासही वाया जात नाहीत. घरचा अभ्यास तिथेच उरकला जातो, वह्या बदलल्या जातात, गावागावांतल्या बातम्यांची देवाणघेवाण होते. एकाच गाडीने येणाऱ्यांचा स्वतंत्र गट असतो. तुकडी 'अ' की 'ब' यापेक्षा गाडी कोणती, वेळवंडची, भुतोंड्याची की महुड्याची, यावर मैत्री ठरते. गाडी चुकली तर दोघे-चौघे मिळून चालत निघतात, आणि त्या चालण्याच्या गोष्टी पुढे वर्षभर पुरतात.

डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन आणि सहली येतात. सहलही एस. टी.चीच असते, शैक्षणिक सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते म्हणून. एरवी जिच्यामागे धावावे लागते ती गाडी त्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी येऊन उभी राहते. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसतात. त्यांचे आणि खेळाचे वाढीव गुण दहावीला उपयोगी पडतात, हे सर्वांना ठाऊक असते. कबड्डीत मात्र गुणांसाठी खेळावे लागत नाही. अडचण सरावाची. संघातील निम्म्या खेळाडूंची गाडी साडेपाचला असेल तर सराव मधल्या सुटीत होतो.

शिवजयंतीला गडावरून ज्योत आणण्यासाठी मुले धावतात. पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्या गिर्यारोहकांना राजगड आणि तोरणा हे पराक्रमाचे किंवा विरंगुळ्याचे ठिकाण वाटते. वेल्ह्यातील मुलाला तोरणा वर्गाच्या खिडकीतून दिसतो, आणि माथा ढगात गेला की आज गाडीला उशीर होणार हे त्याला कळते. सुटीच्या दिवशी वेल्ह्याच्या रस्त्यावर पुण्याच्या मोटारींची रांग लागते. सोमवारी सकाळी तोच रस्ता मोकळा असतो आणि थांब्यावर गणवेशातील मुले उभी असतात.

दहावीनंतर हा प्रवास आणखी लांबतो. भोरला कनिष्ठ महाविद्यालये आहेत, वेल्हे तालुक्यात विंझरला महाविद्यालय आहे. विज्ञान शाखेची ओढ असलेली आणि घरची थोडी ऐपत असलेली मुले पुण्याचा रस्ता धरतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. शहरांपुरती असलेली ही पद्धत आल्याने भोरच्या शाळेतून उत्तीर्ण झालेल्या मुलीलाही तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात जाण्यासाठी पसंतिक्रमाचा अर्ज भरावा लागू लागला. अर्ज भरायला तालुक्याच्या गावी यायचे, फेरीची यादी पाहायला पुन्हा यायचे. आणि दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीत नाव नोंदेपर्यंत ती कुठल्याच शाळेची विद्यार्थिनी नसते, त्यामुळे तोवर तिच्याकडे पास नसतो. राज्यातील सर्व महिलांना मार्च २०२३ पासून एस. टी.त निम्मे भाडे आहे. तेवढे भाडे वाहकाकडे देऊन ती यादी पाहायला येते.